पायऱ्यांवरचं मंत्रिपद

"मुख्यमंत्री कोण होतंय?" दादासाहेब हिवराळ्यांनी विचारलं, आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्या आमदारांनी एकदम हात वर केले.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. विरोधी पक्षाने त्या दिवशी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. पण बहिष्कार टाकून नुसतं घरी गेलं तर पेपरात येत नाही. म्हणून पायऱ्यांवर अभिरूप विधानसभा भरवायची ठरली. म्हणजे खोटा अध्यक्ष, खोटे मंत्री, आणि खोटं विधेयक मांडून ते खऱ्या आवाजात हाणून पाडायचं. आत खऱ्या विधानसभेत नेमकं याच्या उलट चालतं, असं मी म्हटलं तर हक्कभंग होईल, म्हणून मी ते म्हणत नाही.

दादासाहेब आमचे विरोधी पक्षनेते. त्यांनी बराच वेळ हातांकडे पाहिलं आणि शेवटी दोन मुख्यमंत्री नेमले, एक डाव्या कॅमेऱ्यासाठी, एक उजव्या. अध्यक्षपद एका आमदारांनी आधीच बळकावलं होतं. ते घरून घंटा घेऊन आले होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"आणि मत्स्यमंत्री?"

सगळे हात खाली आले. काहींनी तर ते खिशात घातले.

"अरे, विधेयक मत्स्य खात्याचं आहे. मंत्रीच नसेल तर हाणून पाडायचं कोणाला?"

"दादासाहेब, उद्या क्लिप फिरते," एक जण म्हणाला. "आपण सरकारच्या बाजूने बोलताना दिसतो. हे खोटं खोटं होतं असं काही क्लिपच्या खाली लिहिलेलं नसतं."

"मी होते," मागून आवाज आला.

त्या आमच्या वकीलबाई. ॲडव्होकेट वनमाला दिघोरे. भंडाऱ्याच्या कोर्टात वीस-बावीस वर्षं काळा कोट घालून झाल्यावर त्या आमदार झाल्या होत्या, पण आमदार झाल्यावरही कोणी "माननीय सदस्या" म्हटलं की आपल्याला नसेल म्हणून मागे वळून बघायच्या. मी त्यांचा ज्युनिअर. त्या राजकारणात आल्या तेव्हा ऑफिसातलं कपाट, टेबलफॅन आणि मी असे तिघे त्यांच्यासोबत आलो.

त्या पुढे झाल्या तसा मी त्यांच्या कानाशी गेलो. "मॅडम, नका होऊ. तिकडे माझा बा टीव्ही लावून बसला असेल."

"मग बरंच आहे. एक तरी माणूस नीट ऐकेल."

बा टीव्ही लावून बसणार होता, कारण ते विधेयक त्याच्याच तलावाचं होतं. आमच्या भागात जुने मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार जमीनदारांच्या काळातले. त्यात जाळं टाकायचा हक्क गावोगावच्या ढिवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा. आमच्या गावच्या संस्थेचा अध्यक्ष माझा बा. आता सरकारचं म्हणणं असं की, तलावांचा खुला लिलाव करू. खुला म्हणजे कोणीही यावं. कोणीही म्हणजे नागपूरचा आणि हैदराबादचा ठेकेदार, कारण बाकीचे कोणीही लिलावाच्या दारापर्यंत पोचणार नव्हते. विधेयक पास झालं की बाने आपल्याच तलावाच्या काठावर ठेकेदाराचा राखणदार म्हणून उभं राहायचं आणि आपल्याच भावकीला हाकलायचं, एवढं सोपं होतं ते.

वकीलबाईंनी त्याला एक दुरुस्ती सुचवून ठेवली होती. एकच कलम: संस्थेच्या लेखी संमतीशिवाय तलाव दुसऱ्याला देता येणार नाही. पण विधानसभेची रीत अशी की, दुरुस्ती सुचवणारा सदस्य मतदानाच्या वेळी जागेवर हजर नसेल तर त्याची दुरुस्ती आपोआप गळून पडते. आणि पक्षाने तर बहिष्कार टाकलेला. म्हणजे विधेयकाला विरोध म्हणून आम्ही बाहेर, आणि आम्ही बाहेर म्हणून विधेयक आरामात पास. हे मी दादासाहेबांच्या कार्यकर्त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, हा धोरणात्मक निर्णय आहे." म्हणजे कोणालाच समजलेला नाही.

घंटा वाजली. वकीलबाई उभ्या राहिल्या.

इथे त्यांची एक सवय सांगायला हवी. कोर्टात प्रत्येक खटल्याच्या आदल्या संध्याकाळी त्या मला आमच्या अशिलाची बाजू मांडायला लावायच्या आणि स्वतः समोरच्या पार्टीच्या वकील व्हायच्या. खोटं खोटं नाही, पार मनापासून. माझा घसा कोरडा पडेपर्यंत मला सोलून काढायच्या. एकदा एका म्हातारीच्या घराच्या केसमध्ये त्यांनी घरमालकाची बाजू अशी मांडली की, चहा द्यायला आलेली म्हातारी म्हणाली, "बाई, घर त्यालेच देऊन टाका, त्याचं बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी कोर्टात आम्ही जिंकलो. म्हातारीला मात्र अजूनही वाटतं की अन्यायच झाला.

तर पायऱ्यांवर उभं राहून त्या मत्स्यमंत्री झाल्या, आणि पार मनापासून झाल्या.

"अध्यक्ष महोदय, हे तलाव गाळाने भरलेत. संस्थांकडे गाळ काढायला यंत्र नाही, बीज आणायला गाडी नाही, बर्फाची सोय नाही. भावना खूप आहेत, पण भावनेत मासोळी वाढत नाही." त्या बोलत गेल्या. उत्पादन कसं वाढेल, गावात काम कसं येईल, तलावाची पाळ कशी दुरुस्त होईल. समोर उभे असलेले आमचे आमदार घोषणा द्यायला तोंड उघडायचे आणि ऐकत राहायचे. एकाने तर मान डोलावली आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. "आणि कोणी घाबरायचं कारण नाही. ज्या तलावात गावची संस्था जाळं टाकते, तो तलाव त्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कोणालाही दिला जाणार नाही, असं आश्वासन मी या सभागृहाला देते."

पायऱ्यांखाली मोर्च्याला आलेले लोक उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पूर्ण अभिरूप विधानसभेत पडलेल्या त्या एवढ्याच टाळ्या.

"आता हाणून पाडा," दादासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

कोणीच पाडलं नाही. डाव्या कॅमेऱ्याचे मुख्यमंत्री म्हणाले की त्यांना या विषयाचा अभ्यास करायला वेळ हवा. अध्यक्षांनी घंटा वाजवून सभागृह तहकूब केलं.

दुपारपर्यंत सगळ्या चॅनेलवर एकच पट्टी होती: 'विरोधी आमदाराचीच विधेयकाला साथ'. बाचा फोन आला.

"रोशन, बाई पलटली का बे?"

"नाही बा. ते नाटक होतं."

"नाटकात मानूस एवढं खरं बोलते का? मी दंडारीतली नाटकं पायली हायेत जलमभर. रावन असा बोलला तर लोकं रामाले दगड मारतीन." मग म्हणाला, "संस्थेचे लोकं दारात बसून हायेत. तुई बाई काय म्हन्ते, इचारून सांग."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सांग त्यांना, जाळी विकू नका." मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यावर बा जे म्हणाला, ते सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकावं लागेल.

संध्याकाळी आम्ही आमदार निवासाच्या कँटीनमध्ये तर्री-पोहे खात होतो, तर कडबे येऊन समोर बसले. कडबे म्हणजे खऱ्या मत्स्यमंत्र्यांचे, भगीरथ लोणाऱ्यांचे, खासगी सचिव. लोणारे साहेब खूप मोठे नेते होते. वाचन हाच त्यांचा एक कच्चा दुवा, म्हणजे समोर ठेवलेलं काहीही ते वाचायचे. मागच्या अधिवेशनात बंदरांच्या प्रश्नावर त्यांनी शेळ्यांच्या लसीकरणाचं उत्तर वाचलं होतं आणि समोरून उपप्रश्न आला, तेव्हा बोकडांचीही माहिती दिली होती.

"ताई, साहेब खूश आहेत," कडबे म्हणाले. "म्हणाले, माझ्या खात्याचं एवढं चांगलं मला स्वतःला वाटलं नव्हतं."

"त्यांना नमस्कार सांगा."

"साहेबांचं म्हणणं, तुमच्यासारख्या माणसाने तिकडे वाया काहून जावं. इकडे या. महामंडळ आहे. लाल दिवा गेला आता, पण गाडी आहे."

"आणि?"

"आणि एक छोटी विनंती. उद्या विधेयकावर साहेबांना उत्तर द्यायचं आहे. खात्याने जे लिहून दिलंय, ते वाचताना साहेबांनाच झोप लागली. तर तुमचं भाषण त्या क्लिपवरून उतरवून घेतलं तर तुमची हरकत...?"

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. बाईंनी लिंबू पिळलं.

"घ्या ना. पण घ्यायचं तर सगळं घ्या, कडबे साहेब. मधूनच तोडलं तर भाषण लंगडतं."

"छे, छे. एक शब्द तोडणार नाही. विशेषतः ते टाळ्यांचं वाक्य. साहेबांना टाळ्यांचं फार आहे."

कडबे गेले. माझ्या तोंडून पोह्यांसारखं काहीतरी तिखट बाहेर पडलं. "मॅडम, तुम्ही त्यांना आपलं भाषण देऊन टाकलं. माझ्या बाचा तलाव घालवायला माझ्याच मॅडमचं भाषण. मी उद्या गावाला जातो."

"जा. पण परवा जा. उद्या मला गॅलरीत माणूस पाहिजे."

"कशाला?"

"साक्षीदार लागतो, रोशन. किती वर्षं झाली तुला कोर्टात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाच्या खोलीत बैठक झाली. दादासाहेबांनी जाहीर केलं की बहिष्कार चालूच राहील आणि आज पायऱ्यांवर भजन होईल. टाळ वाटायला सुरुवात झाली. एक जोडी बाईंच्या पुढे आली.

"मी आत जाते," बाई म्हणाल्या.

टाळांचा आवाज थांबला.

"वकीलबाई," दादासाहेब म्हणाले, "काल तुम्ही आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मी सांभाळून घेतलं. म्हटलं, नवीन आहेत, भूमिकेत शिरल्या. पण आज आत पाऊल टाकलं तर ते पक्षाच्या विरोधात मोजलं जाईल."

"मोजा."

"पुढच्या वेळचं तिकीट विसरा."

"दादासाहेब, माझी दुरुस्ती आत पडली आहे. मी नसले तर ती मरते. आणि ती मेली तर माझ्या मतदारसंघातले तलाव जातात. तिकीट मिळून मी मग मागायचं काय, त्या तलावांच्या ठेकेदाराची मतं?"

"एकट्या काय करणार तुम्ही आत? त्यांच्याकडे बहुमत आहे."

"मला बहुमत नको. मला फक्त लोणारे साहेब पाहिजेत. तेही बोलताना."

"हा पक्षाचा आदेश आहे, बाई."

"आदेशाला वरच्या कोर्टात आव्हान देता येतं," बाई म्हणाल्या, "आणि मी वरच जाते आहे." त्यांनी टाळ माझ्या हातात दिले आणि पायऱ्या चढू लागल्या. खाली भजन सुरू झालं. मी टाळ घेऊनच गॅलरीत पोचलो. दारावरच्या पोलिसाने ते वाजवून पाहिले आणि जमा करून घेतले.

वरून पाहिलं तर विरोधी बाकांचा अख्खा अर्धगोल रिकामा, आणि त्यात मधोमध बाई. लग्न मोडल्यावर मांडवात एकटीच बसलेली करवली असावी, तशा. फक्त करवली रडते आणि बाई चष्मा पुसत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "विरोधी पक्षाच्या वतीने कोणी बोलणार?"

"मी, अध्यक्ष महोदय. माझा आणि बाकी सगळ्यांचा वेळ मला मिळावा."

सत्ताधारी बाकांवर हशा झाला. बाई मात्र दोनच वाक्यं बोलल्या. त्यांना मंत्रिमहोदयांचं उत्तर ऐकायची उत्सुकता आहे, आणि त्यांनी ते सावकाश द्यावं.

लोणारे साहेब उठले. कागद डोळ्यांसमोर धरला. काय आवाज होता त्यांचा, भरलेल्या रांजणातून यावा तसा. "भावना खूप आहेत, पण भावनेत मासोळी वाढत नाही." बाकं वाजली. गाळ झाला, बीज झालं, बर्फ झाला. काल संपूर्ण राज्याने हेच भाषण टीव्हीवर पाहिलं होतं, पण सभागृहात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुख्यमंत्री तर कौतुकाने बघत होते. आणि मग साहेबांनी टाळ्यांसाठी मोकळी जागा ठेवून, एकेक शब्द तोलत ते वाक्य वाचलं. संस्थेच्या लेखी संमतीशिवाय तलाव दुसऱ्या कोणालाही दिला जाणार नाही, असं आश्वासन.

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत कडबे आधी हसत होते. मग त्यांच्या शेजारी बसलेल्या खात्याच्या सचिवांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि कडब्यांचा चेहरा बर्फावर ठेवलेल्या मरळीसारखा झाला. त्यांनी घाईघाईने चिठ्ठी लिहून खाली पाठवली. शिपायाने ती मंत्र्यांच्या कागदावर नेऊन ठेवली.

लोणारे साहेबांनी ती वाचली. मोठ्याने. "साहेब, टाळ्यांचं वाक्य सोडून द्या, घोळ आहे."

बाक वाजवायला दोन-तीन हात सवयीने पुढे आले आणि परत गेले.

बाई उठल्या. "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी आता दोन गोष्टी वाचल्या. पहिली आश्वासन आहे, दुसरी बहुतेक घरगुती आहे. पहिली आश्वासन म्हणून नोंदवावी, आणि ती कायम आहे का, एवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं."

अध्यक्ष अडचणीत आले. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे बघायला तिथे एक स्वतंत्र समिती असते, आणि एकदा नोंद झाली की ती वर्षानुवर्षं मंत्र्याच्या मागे लागते. "मंत्रिमहोदय, खुलासा करा."

लोणारे साहेबांनी वर गॅलरीकडे पाहिलं. कडबे दोन्ही हातांनी नाही, नाही करत होते. आता हे बघून एखादा शहाणा माणूस खाली बसला असता. पण साहेबांच्या गावाकडे त्यांची एकच ख्याती होती.

"अध्यक्ष महोदय," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "भगीरथ लोणारे दिलेला शब्द चिठ्ठीवर बदलत नाही."

बाकं वाजली. सगळ्यात जोरात बाईंनी वाजवलं.

"मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "खंड चारमधली माझी दुरुस्ती मंत्रिमहोदयांच्या आश्वासनासारखीच आहे. मी हजर आहे, मी ती मांडते. ज्या शब्दाचं सभागृहाने एवढं स्वागत केलं, तो कायद्यात घालायला कोणाची हरकत नसावी."

अध्यक्षांनी दुरुस्ती वाचून दाखवली. मग मुख्यमंत्र्यांकडे पाहिलं. मुख्यमंत्र्यांनी लोणारे साहेबांकडे पाहिलं. लोणारे साहेब अजून टाळ्यांमध्येच होते. "स्वीकारली," ते म्हणाले.

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. विरोधी पक्षाचंही एकमत होतं, कारण तो एकच जण होता.

मी धावत खाली आलो. बाई मागच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून पाणी पीत होत्या.

"मॅडम, हे तुम्ही कालच ठरवलं होतं? पायऱ्यांवर?"

"नाही रे. काल मी फक्त त्यांची बाजू नीट मांडून बघितली. प्रामाणिकपणे. त्या विधेयकाची बाजू मांडायला गेलं, की कुठूनही गेलं तरी ते वाक्य लागतंच. त्याच्याशिवाय ते उभंच राहत नाही. त्यांच्याकडे ते वाक्य नव्हतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "चांगलं भाषण फुकट मिळालं की कोणी तपासून बघत नाही, ते मला संध्याकाळी कळलं. पोहे खाताना."

"आणि ते वाक्य त्यांनी गाळलं असतं तर?"

"तर मी एकटी हरले असते. तेवढ्यासाठी वकिलाला फी देऊन पाठवतातच."

मी बाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पलटली नाही?"

"नाही बा."

"मग ते लोणारे पलटले?"

"त्यांना अजून माहीत नाही."

बाहेर पायऱ्यांवर भजन संपलं होतं आणि पत्रकार जमले होते. दादासाहेब मध्यभागी उभे होते. बाई दिसताच ते कॅमेऱ्यांकडे वळले आणि म्हणाले की पक्षशिस्त मोडल्याबद्दल श्रीमती दिघोरे यांना पक्षातून निलंबित करण्यात येत आहे, आणि मच्छीमारांना मिळालेला न्याय हा पक्षाच्या बहिष्काराचा विजय आहे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात सांगितल्या. दम लागला नाही, हे मान्य करायला हवं.

तेवढ्यात कडबे गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा घाम पुसून झाला नव्हता. "ताई, साहेब म्हणतात, झालं ते झालं. तिकडून काढलंच आहे तर आमच्याकडे बसा. महामंडळाचं अजून कायम आहे. साहेब शब्द बदलत नाहीत."

"ते मी आत्ताच पाहिलं," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगा, मी समोरच बरी. समोरून चेहरा दिसतो."

एका पत्रकाराने माईक पुढे केला. "मॅडम, म्हणजे तुम्ही आता नेमक्या कोणाच्या बाजूने?"

"विरोधी."

"पण विरोधकांनीच काढलं ना तुम्हाला. मग कोणाच्या विरोधात?"

"ते सकाळी कामकाजपत्रिका बघून ठरवत जाईन."

पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही. दुसऱ्याला दिलं आणि त्याला सांगितलं की तलावांच्या विषयावर बोलू नकोस. तो बोलला नाही, त्यामुळे लोकांना तो उभा आहे हेच कळलं नाही. बाई अपक्ष निवडून आल्या. आमच्या गावात बाने बाहुलीच्या आकाराचं जाळं विणून प्रचाराच्या गाडीला बांधलं होतं. निवडणूक अधिकाऱ्याने ते चिन्ह आहे का म्हणून चौकशी केली. बा म्हणाला, "नाही साहेब, तेवढंच उरलं होतं घरी, बाकीची तलावात हायेत."

अपक्ष आमदाराला सभागृहात जागा देतात ती अगदी मागची. त्यांना मिळाली ती खांबाच्या मागे, दाराजवळ. पहिल्याच दिवशी बाई उठल्या, बोलल्या, आणि वरच्या गॅलरीत मला काहीच ऐकू आलं नाही. चहाच्या सुट्टीत मी खाली गेलो.

"मॅडम, तुमच्या जागेचा माईक बंद आहे. तक्रार करतो. उद्याच्या आत दुरुस्त करून देतील."

बाईंनी बशीतला चहा संपवला.

"नको," त्या म्हणाल्या. "चालणारा माईक त्यांना हवा तेव्हा बंद करता येतो. माझा आवाज अध्यक्षांपर्यंत जातो की नाही, तेवढं बघून ये."